केप टाऊनला सेमिस्टरसाठी जाऊ का? : जा, पण राहणार कुठे ते आधी बघ

अगं जा. आईबाबा रात्री बसून केप टाऊनच्या क्राइमच्या बातम्या वाचतायत असं लिहिलंयस, तर त्यांचंही चुकत नाही, तिथली गुन्हेगारी काही खोटी नाहीये. फक्त ती शहरभर सारखी पसरलेली नाही, आणि ते बातम्या वाचून कळत नाही. मी यूसीटीला (युनिव्हर्सिटी ऑफ केप टाऊन) मास्टर्स केलंय, २०२३ मध्ये तिथेच होते, म्हणून तुझ्या तिन्ही प्रश्नांवर (सेफ्टी, अभ्यास, व्हेज जेवण) जरा सविस्तर लिहिते.

सेफ्टीचं जवळपास सगळं गणित घर कुठे आहे यावर. कॅम्पस डेव्हिल्स पीक या डोंगराच्या उतारावर आहे आणि खाली राँडेबॉश, मोब्रे, ऑब्झर्व्हेटरी (सगळे नुसतं ऑब्स म्हणतात) इथे स्टुडंट्स राहतात. युनिव्हर्सिटीची शटल बस आहे (जुनं नाव जॅमी शटल, मी जॅमीच म्हणते), ती या भागांतून फिरते. रूम कितीही छान आणि स्वस्त असू दे, जॅमीच्या स्टॉपपासून लांब असेल तर घेऊ नकोस, कारण संध्याकाळी लायब्ररीतून निघालीस की ते शेवटचं अंतरच त्रासदायक असतं. अंधार पडला की दोन गल्ल्यांसाठीसुद्धा उबर, रस्त्यात फोन हातात नाचवायचा नाही, आणि डोंगरावर एकटीने जायचं नाही, भर दुपारीसुद्धा नाही, ग्रुप कर. महिनाभरात अंगवळणी पडतं सगळं.

पण हे पाळताना एक डोक्यात ठेव, की 'इथे जा, तिथे जाऊ नको' हा नकाशा आपोआप तयार झालेला नाही. १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याने कोणत्या वंशाच्या लोकांनी कुठे राहायचं ते ठरवून टाकलं, १९६६ मध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स हा शहराच्या मधोमधचा भाग गोऱ्यांसाठी जाहीर केला आणि तिथल्या ६०,००० च्या वर लोकांना उचलून बाहेर केप फ्लॅट्सच्या रेताड मैदानावर टाकलं. तो कायदा गेला तरी ती अंतरं बरीचशी तशीच आहेत. डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम पहिल्या दोन आठवड्यांतच बघून घे, मग शहर कळायला लागतं. एक्स्चेंजवाली बरीच मंडळी पाच महिने वॉटरफ्रंट आणि कॅम्प्स बे असल्या टुरिस्टी जागा करतात आणि घरी येऊन आफ्रिका पाहिली म्हणतात, मला खरंच राग येतो त्याचा.

आता अभ्यास. इथे आपल्या पोरांची खरी वाट लागते आणि त्याबद्दल आधी कोणी बोलत नाही. तिथे डीपी नावाचा प्रकार आहे, म्हणजे ट्युटोरियलची हजेरी आणि सेमिस्टरमधल्या असाइनमेंट्स पूर्ण नसतील तर परीक्षेलाच बसू देत नाहीत. शेवटच्या पंधरा दिवसांत नोट्स मारून निभावून नेऊ हे चालत नाही. ७५ टक्क्यांना फर्स्ट क्लास असतो आणि तोही सहज देत नाहीत, तेव्हा ६५ आले म्हणून रडू नकोस. ट्युटोरियलला दहा-पंधरा जणच, गप्प बसून चालत नाही, वाचून आलीस की नाही ते पाच मिनिटांत उघडं पडतं. तू सोशल सायन्सवाली म्हणजे तुला गांधींवर विचारणार हे धरून चाल. तेही सत्याग्रहावर कमी आणि सुरुवातीच्या काळात त्यांनी कृष्णवर्णीयांबद्दल जे लिहिलं त्यावर जास्त. पाठोपाठ जातीवर. मोघम बोललीस तर सोडत नाहीत. सेसिल ऱ्होड्स या ब्रिटिश साम्राज्यवाद्याचा पुतळा याच कॅम्पसवरून ९ एप्रिल २०१५ ला विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर हलवला, त्यामुळे इतिहास हा तिथे निव्वळ पेपरातला विषय नाहीये.

जेवणाची काळजी सोड. रायलँड्स हा जुना भारतीय वस्तीचा भाग, डाळी-पिठं सगळं मिळतं, मसाल्यांसाठी बो-काप या भागातलं अ‍ॅटलस ट्रेडिंग हे दुकान. गंमत म्हणजे केप टाऊनला रत्नागिरीकडून गेलेल्या कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. रायलँड्सच्या एका दुकानात मी फोनवर आईशी बोलत होते तर गल्ल्यावरच्या चाची हिशेब सोडून माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्यांच्या कोकणीत घराची चौकशी सुरू केली, मला बरंचसं कळलं, आणि निघताना पिशवीत कोथिंबिरीची जुडी जास्तीची पडली.

बाकी किरकोळ. जुलैत जाणार म्हणजे ऐन हिवाळा, तिथे पाऊसही हिवाळ्यातच, आणि घरांत हीटिंग बहुधा नसतंच, थर्मल इथूनच ने. प्लग आपल्या गीझरच्या मोठ्या तीन पिनांसारखा असतो, घरातला एखादा जुना अ‍ॅडॅप्टर चालून जाईल. लोडशेडिंग २०२३ ला भयंकर होतं, २०२४ पासून बरंच कमी झालंय, तरी पॉवरबँक असू दे.

व्हिसाला मात्र आजच लाग. स्टडी व्हिसाला पोलीस क्लिअरन्स आणि तिथल्याच रजिस्टर्ड मेडिकल स्कीमचं कव्हर लागतं, आपली ट्रॅव्हल पॉलिसी चालत नाही, यातच वेळ जातो. आणि आईबाबांशी पुन्हा बोलायच्या आधी एक्स्चेंज ऑफिसला मेल टाकून विचार की रेसिडेन्स तेच देणार का, आणि ते जॅमीच्या रूटवर आहे का. उत्तर आलं की इथे टाक, कुठला भाग आहे बघून सांगते.