हॅलोविनला दारात लावायला भीतिदायक संगीत कोणतं निवडावं?

तुम्ही लिहिलंय की याच वर्षी न्यू जर्सीत राहायला आलात, घरात सहा वर्षांची मुलगी आहे, आणि ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी वेषांतर केलेली मुलं चॉकलेटं मागत दारोदार फिरतात तेव्हा दारात असं काही लावायचंय की मोठ्या मुलांना मजा यावी पण लहानग्यांनी रडू नये. मी इथल्याच एडिसनमध्ये गेली अकरा वर्षं हे मनापासून करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी मी किंकाळ्या, साखळ्यांचा खणखणाट, कुत्र्यांचं रडणं असलं तासाभराचं काहीतरी मोठ्या आवाजात लावून ठेवलं होतं. फुलपाखराचे पंख लावलेली तीन-चार वर्षांची एक मुलगी दुसऱ्या पायरीपर्यंत आली, तेवढ्यात किंकाळी झाली, आणि चॉकलेटं गोळा करायची बादली तिथेच टाकून ती आईच्या पायांना बिलगली. मी चॉकलेटं घेऊन खाली धावले, पण काही केल्या तिने तोंड वर केलं नाही. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून आमच्याकडे किंकाळ्या बंद. पोरांना दचकवायला नुसता आवाज मोठा केला की झालं. पण अंगावर काटा यायचा तर ‘लांबून काहीतरी येतंय’ असं वाटलं पाहिजे, आणि ते बारीक आवाजातच वाटतं.

‘महल’मधलं ‘आएगा आनेवाला’ आठवून बघा. १९४९ चा चित्रपट, संगीत खेमचंद प्रकाश यांचं. सुरुवातीचे शब्द दुरून आल्यासारखे वाटावेत म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी मायक्रोफोनपासून लांब उभं राहून, गात गात जवळ यायला लावलं होतं, असं लताबाईंनीच सांगितलं आहे. त्यात ना किंकाळी, ना ढोल. तरी रात्री एकटीने ऐकायचं धाडस मला अजून होत नाही.

म्हणून स्पीकर दाराशी ठेवू नका. मी तो गॅरेजच्या पलीकडच्या झुडपामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवते. आवाज इतकाच की येणाऱ्याच्या पायाखाली वाळकी पानं चुरली तर तीही ऐकू यावीत. मुलं थांबतात, एकमेकांना विचारतात, ‘हे कुठून येतंय?’ तो क्षण मला सगळ्यात प्रिय आहे.

निवड करताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्या, जी मला उमगायला तीन-चार वर्षं लागली. मूल तुमच्या दारात जेमतेम अर्धा मिनिट असतं. त्यामुळे हळूहळू रंगत जाणारी रचना दारात वाया जाते. ग्रीग या नॉर्वेच्या संगीतकाराचं ‘इन द हॉल ऑफ द माउंटन किंग’ सगळे सुचवतात, आणि आहेच ते सुंदर. इब्सेनच्या ‘पेअर गिंट’ या नाटकासाठी केलेलं, अडीचेक मिनिटांचं. खालच्या सुरांत दबक्या पावलांनी सुरू होतं आणि तीच ओळ वेग घेत घेत शेवटी धिंगाणा होतो. पण दारात एका मुलाला नुसती दबकी पावलं मिळतात, दुसऱ्याला नुसता धिंगाणा. ते घरातल्या खेळासाठी ठेवा. आम्ही त्यावर स्टॅच्यू खेळतो, शेवटच्या अर्ध्या मिनिटात कोणालाच थांबता येत नाही.

दारासाठी असं हवं की कुठलेही वीस सेकंद घेतले तरी काम व्हावं. ‘हॅलोविन’ या १९७८ च्या चित्रपटाची पियानोची धून तशी आहे. दिग्दर्शक जॉन कार्पेंटर यांनी ती स्वतःच केली. चित्रपट मुलांना अजिबात दाखवू नका, पण धून ऐकवायला हरकत नाही. ती पाच मात्रांत फिरते. इथल्या कानाला चारची सवय, म्हणून पाचवी मात्रा आली की पाऊल चुकल्यासारखं वाटतं. झपताल ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला पाच मात्रा तेवढ्या परक्या नाहीत. मला सुरुवातीला त्यात भीतिदायक काय आहे तेच कळेना, शेजारच्या मुलांचे चेहरे पाहून कळलं.

आता माझी सगळ्यात लाडकी रचना. सां-साँस या फ्रेंच संगीतकाराची ‘दांस माकाब्र’, १८७४ ची, सुमारे सात मिनिटांची. मध्यरात्री मृत्यू व्हायोलिन वाजवतो आणि थडग्यांतून सांगाडे उठून नाचतात, अशी कल्पना. सुरुवातीला हार्पवर एकच सूर बारा वेळा वाजतो, ते घड्याळाचे टोले. मग एकटं व्हायोलिन येतं, आणि ते बेसूर वाटतं. त्यात चूक काहीच नाही. व्हायोलिनची सगळ्यात वरची तार मुद्दाम अर्ध्या सुराने उतरवून लावायची असते. त्यामुळे शेजारच्या दोन मोकळ्या तारा एकत्र वाजल्या की जिथे पंचम यायला हवा तिथे तीव्र मध्यम येतो. पेटीवर सा आणि तीव्र म एकदम दाबून बघा. मारव्यात पंचम वर्ज्य असतो, आणि तो ऐकताना दिवेलागणीला जीव कसा टांगल्यासारखा होतो ते तुम्हाला ठाऊक असेल, तर हे लगेच पोटात जाणवेल. पुढे झायलोफोनवर हाडांची खडखड आहे. आणि शेवटी ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्यावर कोंबडा आरवतो, की सगळे सांगाडे चिडीचूप. कोंबडा आरवला की भुतं पळतात हे मी कोकणात आजीकडून ऐकलं होतं. पॅरिसमधल्या माणसाच्या रचनेत तोच कोंबडा भेटला तेव्हा मला भरून आलं होतं.

वेळेचं म्हणाल तर इथे ३१ तारखेला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि अगदी छोटी मुलं त्याआधीच येतात. त्यांच्यासाठी ‘मॉन्स्टर मॅश’ लावा. १९६२ च्या ऑक्टोबरात हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं आणि अजून सगळ्यांना पाठ आहे. बाखचं ऑर्गनवरचं ‘टोकाटा अँड फ्यूग इन डी मायनर’ही उजेडातच बरं, पोरं ओळखून हसतात. अंधार पडला की ‘हॅलोविन’ची धून आणि ‘दांस माकाब्र’. आठनंतर हायस्कूलची मुलं येतात, त्यांना मायकल जॅक्सनचं ‘थ्रिलर’ पुरतं.

आपली गाणीही लावा, संकोच करू नका. मी सातच्या सुमाराला ‘बीस साल बाद’मधलं ‘कहीं दीप जले कहीं दिल’ आणि आपलं ‘रात्रीस खेळ चाले’ लावते. एका वर्षी नातवाचा हात धरून आलेले एक आजोबा ते गाणं संपेपर्यंत वाटेवरच उभे राहिले. नातू पुढच्या दोन घरांना जाऊन परत आला तरी ते तिथेच होते.

एक मात्र कळकळीने सांगते. ‘गूढ वाटतं’ म्हणून मंत्र किंवा कोणाचीही प्रार्थना लावू नका, आपलीही नको आणि दुसऱ्यांचीही नको. जे कोणी हात जोडून म्हणतं ते भुताखेतांच्या सजावटीत मला पाहवत नाही.

बाकी किरकोळ. सगळं आधी डाउनलोड करून ठेवा, नाहीतर ऐन काळोखात विम्याची जाहिरात वाजते. एखादं मूल कानांवर हात ठेवून येताना दिसलं तर लगेच आवाज बंद करा, काही मुलांना कुठलाच आवाज सोसत नाही. म्हणून फोन खिशातच असू द्या.

आणि तुमच्या मुलीला ‘दांस माकाब्र’ आदल्या रविवारी दिवसाउजेडी, मांडीवर घेऊन ऐकवा. बारा टोले तिला मोजायला लावा, हाडं कुठे वाजतात ते दाखवा, कोंबडा मात्र सांगू नका. तो तिला स्वतःला सापडू दे. मग हॅलोविनच्या रात्री दारात उभी राहून तीच बाकीच्या मुलांना सांगेल, ‘थांबा, आता कोंबडा येईल.’