रॉकेलचा वास आणि विमानाचं तिकीट

सुट्ट्यांची तिकिटं निघायला लागली की आपल्या सदराकडं येणारी पत्रं एकदम बदलतात. या वेळी चार पत्रं फिरून फिरून एकाच गोष्टीवर आलीत, की बाहेर जाऊन चूल पेटवायची कशी, आणि ती चूल इथनं न्यायची की तिकडं बघायची.

ताई, आम्ही चौघं मित्र ऑगस्टमध्ये लडाखला मारखा व्हॅलीचा ट्रेक करणार आहोत. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरनं मुंबई, मग दिल्ली, मग लेह असं तिकीट काढलंय. माझ्याकडं स्क्रूचा गॅस बर्नर आहे आणि २३० ग्रॅमचे दोन कॅनिस्टर, म्हणजे गॅसचे डबे, त्यातला एक फोडलेलापण नाही. मित्र म्हणतोय सीलबंद असला तर चेक-इनमध्ये जातो. खरं काय?
— एक वाचक, राजारामपुरी

भावा, मित्राचं यात अजिबात ऐकू नको. सीलबंद असू दे, अर्धा असू दे, नाहीतर हलवल्यावर आवाज येत नाही म्हणून तुला रिकामा वाटू दे, गॅसचा कॅनिस्टर विमानात कुठल्याच बॅगेत जात नाही, हातातल्याही नाही आणि चेक-इनच्याही नाही. हा नियम आंतरराष्ट्रीय आहे, एखाद्या एअरलाईनच्या मनावरचा नाही. आतला ब्युटेन-प्रोपेन दाब देऊन पातळ करून भरलेला असतो, तो विमानाच्या पोटात गळला तर काय होईल याचा नुसता विचार कर. तुझे दोन्ही कॅनिस्टर घरी ठेव, पन्हाळा-पावनखिंडीला चहा करायला उपयोगी पडतील.

बर्नर मात्र नेता येतो, कारण त्यात इंधन साठतच नाही, ते नुसतं धातूचं तोंड आहे. काजळी घासून काढ, जुन्या टॉवेलात गुंडाळ आणि चेक-इनच्या बॅगेत वरच्या बाजूला ठेव म्हणजे उघडून बघायची वेळ आली तर अख्खी बॅग विस्कटणार नाही. तुमच्या प्रवासात एकापेक्षा जास्त एअरलाईन असतील तर प्रत्येकीला आधी ईमेल टाकून विचार आणि आलेल्या उत्तराची प्रिंट जवळ ठेव, कारण कोल्हापुरात बॅग घेतली म्हणून दिल्लीत घेतीलच असं नसतं, त्यातली जी कडक तिचाच नियम धरून चालायचं. काडेपेटी आणि लायटर तर आपल्या देशातल्या विमानतळांवर कुठल्याच बॅगेत चालत नाहीत. ते लेहमध्ये उतरल्यावर घ्या, टपरीवर मिळतात.

आता महत्त्वाचं. लेह ३५०० मीटरवर आहे, उतरल्यावर पहिले दोन दिवस तसंही शरीराला हवा मानवेपर्यंत गप बसायचं असतं, कॅनिस्टर शोधायचं काम त्या दोन दिवसांतलं. मेन बाजार आणि चांगस्पा भागात ट्रेकिंगच्या सामानाची दुकानं आहेत, सीझनमध्ये तिथं स्क्रूचे कॅनिस्टर मिळतात, पण निघायच्या आधी एखाद्या दुकानात फोन करून खात्री करा. तुझ्या बर्नरच्या खालच्या बाजूचा फोटो मोबाईलमध्ये ठेव आणि दुकानदाराला दाखव, कारण दोन जातीचे डबे असतात, एक बुटका आणि आट्यांचा, दुसरा सेंटच्या बाटलीसारखा लांबोडका, तो आपल्याकडं टेबलावरच्या पोर्टेबल शेगडीला लावतात. तो स्वस्त असतो, पण तुझ्या बर्नरला अडॅप्टरशिवाय बसत नाही आणि त्यात बहुतेक वेळा नुसता ब्युटेन असतो. ब्युटेन शून्याच्या आसपासच उकळायचा थांबतो, म्हणजे पहाटे थंडी पडली की डब्यात गॅस भरलेला असून बर्नर मरतुकडा जळतो. आयसोब्युटेन उणे १२ पर्यंत चालतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत. म्हणून डब्यावरचं बारीक अक्षर वाचून मिक्सवालाच घ्या, आणि रात्री तो स्लीपिंग बॅगेत पायाशी घेऊन झोपा.

किती घ्यायचे? एक लिटर पाणी उकळायला साधारण १५ ग्रॅम गॅस धर. चौघांना सकाळचा चहा, नाश्ता आणि रात्रीचं जेवण मिळून दिवसाला सहा लिटर पाणी, म्हणजे ९० ग्रॅम, त्यात वारा आणि थंडी धरून १२०. सहा दिवसांचे ७२० ग्रॅम होतात, २३० चे तीन डबे म्हणजे ६९० च, थोडे कमी पडतात, म्हणून चार घ्या. मारखाच्या वाटेवर गावागावांत होमस्टे आहेत, त्यामुळं उपाशी राहायची वेळ येणार नाही. आणि तूरडाळ नेऊ नका, लेहलाच पाणी ८८ अंशाच्या आसपास उकळतं, वर कॅम्पवर त्याहून कमी, डाळ शिजता शिजता गॅस संपेल. पोहे, रवा, मुगाची डाळ आणि घरचा कांदा-लसूण मसाला एवढं बास आहे.

एक गोष्ट हात जोडून सांगते. कितीही गारठा असला तरी तंबूची चेन लावून आत बर्नर पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोप येतीय असं वाटतं आणि माणूस उठत नाही.

ताई, आमच्या तालमीची २२ पोरं रेल्वेनं हरिद्वारला जाणार. विमानाचे नियम आम्हाला लागू नाहीत, तर घरचा छोटा सिलिंडर आणि शेगडी डब्यात नेली तर चालंल काय? वाटेत चहा-भात होईल.
— शिवाजी पेठ

नाही चालणार, दादा, आणि मी हे नुसतं नियम म्हणून सांगत नाही. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराई स्टेशनात उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्याला पहाटे आग लागली, आत चोरून आणलेला सिलिंडर होता आणि त्यावर चहा करायचं चाललं होतं. ९ माणसं गेली. तीपण तुमच्यासारखीच देवदर्शनाला निघालेली घरातली माणसं होती. डब्याला दारं किती आणि रात्री माणसं कशी झोपलेली असतात हे तुम्ही बघितलंय. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ खाली यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, पण दंड १००० चाच आहे म्हणून कोण हिशेब करत असेल तर मला त्याचं वाईट वाटतं.

वाटेतलं जेवण घरनं न्या, दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी दोन दिवस आरामात टिकते. तिकडं पोचल्यावर ५ किलोचा सिलिंडर घ्या, इंडेनचा 'छोटू' म्हणून मिळतो, पेट्रोल पंपावर आणि काही दुकानांतपण असतो, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. शेगडी, नळी, रेग्युलेटर आणि मोठी भांडी तिथंच भाड्यानं बघा. नळी जोडल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं, मगच काडी ओढायची.

ताई, लेकीकडं म्युनिकला चाललेय. जावई डोंगरात फिरणारे आहेत, ते म्हणाले आपण दोन रात्री बाहेर राहू. माझ्याकडं सासूबाईंचा पितळी पंपाचा स्टोव्ह आहे, अजून झकास पेटतो. तो नेता येईल का आणि तिकडं रॉकेल मिळेल का?
— ताराबाई पार्क

काकू, तुमचं पत्र वाचून मला आमच्या घरातला स्टोव्ह आठवला, आधी तो स्पिरिटमधला काकडा, मग पंप मारायचा, निपल चोंदलं की पिन, आणि मग तो फर्रर्र आवाज. या जातीचा स्टोव्ह स्वीडनमध्ये १८९२ च्या सुमाराला लिंडक्विस्ट नावाच्या माणसानं काढला आणि १९५३ ला एव्हरेस्टवर गेलेल्या मोहिमेतही 'प्रायमस' नावाचे असलेच स्टोव्ह होते, म्हणजे तुमच्या सासूबाईंचा स्टोव्ह डोंगरात नवखा नाही.

पण वापरलेला स्टोव्ह विमानात न्यायला एअरलाईनची आधी परवानगी लागते, आणि काही एअरलाईन्स वापरलेला घेतच नाहीत. ज्या घेतात तिथं पद्धत ठरलेली आहे. टाकी कमीत कमी १ तास उलटी ठेवून पूर्ण निथळायची, मग कमीत कमी ६ तास झाकण उघडं ठेवून आतली वाफ जाऊ द्यायची, मग झाकण घट्ट लावून टिपकागदात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं, पिशवीच्या तोंडाला रबर लावायचं, आणि चेक-इनच्याच बॅगेत. ६ तासांऐवजी दुसरा मार्ग म्हणजे टाकीत खाद्यतेल घालून ती रिकामी करायची.

हे कागदावर सोपं आहे. मी एकदा माझी रॉकेलची बाटली दिवसभर उघडी ठेवून नेली होती, परवानगी होती, बाटली कोरडी होती. सुरक्षेतल्या माणसानं झाकण काढलं, नाकाशी नेलं आणि बाजूला ठेवली ती ठेवलीच. त्याचं बरोबर होतं, वास येत होता. रॉकेल पेट्रोलसारखं पटकन उडून जात नाही, ते पितळेच्या सांध्यात आणि पंपाच्या चामडी वायसरमध्ये मुरतं. घरी आल्यावर मी पंपाची दांडी काढली, वायसर वेगळा केला, टाकीत गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून खळखळ हलवलं, असं चार वेळा, मग दोन दिवस गच्चीवर उन्हात. तेव्हा कुठं वास गेला. सासूबाईंच्या स्टोव्हमध्ये तर किती वर्षांचं रॉकेल मुरलेलं असणार! माझं मत स्पष्ट आहे, तो घरी राहू दे. अशी वस्तू विमानतळावरच्या टोपलीत गेली तर परत मिळत नाही.

आणि दुसरी भीती मला भाषेची आहे. जर्मनीत रॉकेलला 'पेट्रोलियम' म्हणतात आणि आपल्या पेट्रोलला 'बेन्झिन'. घाईत कुणी उलटं ओतलं आणि रॉकेलच्या स्टोव्हमध्ये पेट्रोल पडलं तर तो स्टोव्ह राहत नाही, बॉम्ब होतो. रॉकेलची वाफ पेटायला ते साधारण ३८ अंशांच्या वर तापावं लागतं, पेट्रोलची वाफ उणे ४० लापण पेट घेते, आणि तुमच्या स्टोव्हची टाकी तर बर्नरच्या बरोबर खाली. हा घोळ सगळीकडं आहे, इंग्लंडमध्ये रॉकेलला 'पॅराफिन' म्हणतात, आपल्याकडं पॅराफिन म्हटलं की मेणबत्ती. म्हणून बाहेरदेशी इंधन घेताना नुसत्या नावावर जायचं नाही, डबा हातात घेऊन वाचायचा, नाहीतर लेकीला वाचायला लावायचा.

तुम्हाला दोन रात्रींचा चहा आणि सूपच करायचं आहे ना, मग जावयांना आट्यांचा गॅस बर्नर आणि डबा घ्यायला सांगा, ट्रेकिंगच्या दुकानात सहज मिळतो. नाहीतर छोटा स्पिरिटचा स्टोव्ह, त्याचं इंधन तिकडं 'ब्रेनस्पिरिटुस' नावानं सुपरमार्केटमध्ये असतं. फक्त स्पिरिटची ज्योत उजेडात दिसत नाही, विझला असं समजून वरनं ओतायचं नाही, पूर्ण गार होऊ द्यायचा. इथं रंगाच्या दुकानातनं थोडं स्पिरिट आणून अंगणात एकदा सराव करून जा, बरोबर मात्र थेंबभरही नेऊ नका. आणि जिथं राहणार तिथं उघड्यावर चूल पेटवायला परवानगी आहे का हे जावयांनी आधी विचारलेलं बरं.

नेपाळला ट्रेकला गेलो तर गॅस कुठं मिळेल आणि उरलेला डबा परत आणता येतो का?
— इचलकरंजी

काठमांडूत थामेल आणि पोखऱ्यात लेकसाइडला ट्रेकिंगची दुकानं आहेत, तिथं मिळतो. वर चढल्यावर महाग होतो, म्हणून खालीच घ्या. रॉकेल हवं असेल तर 'मट्टीतेल' म्हणून मागा.

परत आणता येत नाही, अर्धाही नाही आणि संपलेलाही नाही. आत किती राहिलाय ते बघायला डबा पाण्याच्या पातेल्यात सोडा, जितका वर तरंगेल तितका रिकामा, शेवटच्या दिवसाचा चहा त्या हिशेबानं करा. उरलाच तर लॉजवर वर जाणाऱ्या कुणालातरी देऊन टाका, लोक आनंदानं घेतात.