दुर्बिणीतून ऑपरेशन करताना पोटात भरलेल्या थंड गॅसमुळे रुग्णाचं अंग गार पडतं का?

तुमच्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून ठरलंय, आणि गॅस गरम करणारं यंत्र असलेलंच रुग्णालय शोधावं का, असं तुम्ही विचारलंय. मी भूलतज्ज्ञ आहे. एवढ्यासाठी रुग्णालय बदलू नका.

पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. तो खोलीच्याच तापमानाला, साधारण 20-21 अंशांवर असतो आणि अगदी कोरडा असतो. उष्णता ओढून नेतो तो मुख्यतः हा कोरडेपणा. ओल्या अंगाला वारा लागला की काटा येतो ना, तसंच पोटातल्या पडद्यावरचं पाणी उडून जाताना ऊब घेऊन जातं. एक लिटर गॅस 37 अंशांपर्यंत, म्हणजे अंगाच्या नेहमीच्या तापमानापर्यंत, तापवायला साधारण 25 ज्यूल पुरतात, पण त्यात वाफ भरायला शंभरावर लागतात. त्यामुळे नुसता गरम केलेला कोरडा गॅस फारसा उपयोगाचा नाही.

आता सगळा हिशेब पाहा. 60 किलोच्या बाईचं तापमान एक अंशाने उतरायला साधारण 200 किलोज्यूल जावे लागतात. 100 लिटर गॅस लागला असं धरलं, तरी तो नेतो जेमतेम 13. गॅस गरम आणि दमट करून झालेल्या चाचण्या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2016 च्या आढाव्यात एकत्र तपासल्या, तेव्हाही रुग्णाला जाणवेल असा ठोस फायदा दिसला नाही. तासन्‌तास चालणाऱ्या आतड्याच्या ऑपरेशनात बराच जास्त गॅस लागतो, तिथे विचार वेगळा. (नंतर खांदा दुखतो तो गॅसमुळे, पण थंडीमुळे नव्हे, श्वासपटलाजवळची नस चाळवते म्हणून.)

अंग खरं गार पडतं ते भुलीमुळे. रक्तवाहिन्या सैलावतात, आतलं गरम रक्त हातापायांकडे जातं आणि पहिल्या तासाभरातच तापमान अंशभर उतरू शकतं. वर थिएटरचा एसी.

एक आजी अजून डोळ्यांसमोर आहेत. ऑपरेशन छोटं, म्हणून गरम हवेचं ब्लँकेट आम्ही लावलं नव्हतं. बाहेर आणल्यावर दात कडाकडा वाजत होते, खाटेचा कठडा हलत होता. "डॉक्टर, पोटाचं राहू द्या, थंडी घालवा," म्हणाल्या. तापमान 35.2 होतं. तेव्हापासून ऑपरेशन कितीही छोटं असो, ब्लँकेट मी सोडत नाही.

तुमच्या भूलतज्ज्ञांना दोनच गोष्टी विचारा: ऑपरेशनभर तापमान मोजणार का, आणि गरम हवेचं ब्लँकेट भुलीच्या आधीपासून लावता येईल का? आधी अर्धा तास मिळाला तर उत्तमच. आणि वॉर्डातून थिएटरला नेताना आईंच्या अंगावर जाड पांघरूण आहे ना, ते तुम्ही स्वतः बघा.