काच नवी, भिंग तिरकं

प्रश्न : रोलेक्स डेटजस्टची काच बदलून घेतली. आता तारखेवरचं भिंग जरा कललेलं वाटतं. चालवून घ्यावं का?

उत्तर : आधी घड्याळ समोर सरळ धरा, एक डोळा मिटून बघा. भिंग अडीच पट मोठं दाखवतं, त्यामुळे नजर तिरकी असली तरी आकडा सरकलेला भासतो. भिंगाची कड तारखेच्या खिडकीच्या कडेला समांतर असून आकडाच बाजूला असेल, तर दोष तारखेच्या चकतीचा. काचेला बोल लावू नका. कडच तिरकी असेल, तर काच दाबून बसवताना फिरलीय. ती हाताने वळवायला जाऊ नका, गॅस्केट (काचेभोवतीची पाणी अडवणारी कडी) दुखावलं की पाणी शिरलंच म्हणून समजा. बेझल (काचेभोवतीचं बाहेरचं कडं) काढून, नवं गॅस्केट घालून काच पुन्हा बसवायला सांगा आणि प्रेशर टेस्ट (पाणी शिरत नाही ना, याची तपासणी) समोर करून घ्या. कामाची वॉरंटी असेल, तर याचे वेगळे पैसे देऊ नका.