बंद पडायला आलेला ऑनलाइन गेम क्राउडफंडिंगने, म्हणजे लोकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करून, वाचतो का?

नाही. सर्व्हर वाचतो, गेम वाचत नाही.

तुम्ही लिहिलंय की डिस्कॉर्डवर, म्हणजे गेमच्या चॅट ग्रुपवर, तीनशे लोक आहेत, मालक म्हणतोय दहा लाख जमले तर वर्षभर चालू ठेवतो, आणि महाराष्ट्रातल्या प्लेयर्सचे पैसे गोळा करायचं काम तुम्ही अंगावर घेताय. पहिल्या दोन गोष्टींवर येतोच, पण ही तिसरी वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो. नका घेऊ. हात जोडतो.

2013 ची गोष्ट. पुण्यात नवीन नोकरी, नवीन क्रेडिट कार्ड, आणि ब्राउजरमध्ये चालणारा एक स्पेसवाला युद्धाचा गेम. युरोपातले दोघं जण चालवायचे, नाव सांगत नाही. आमच्या अलायन्समध्ये, म्हणजे गेममधल्या आमच्या गटात, चाळीसेक भारतीय, त्यातले निम्मे मराठी. फ्लीट सेव्ह करायला, म्हणजे आपली जहाजं हल्ल्यातून वाचवायला, पहाटे तीनचा अलार्म लावायचो, आईला वाटायचं पोरगा अभ्यासाला उठतोय. मे महिन्यात मालकाने टाकलं की 20 हजार डॉलर जमले नाहीत तर दुकान बंद. आमच्यातला एक कोल्हापूरचा होता, गेममधलं नाव वाघ्या. त्याने कुणालाही न विचारता जाहीर करून टाकलं, भारताकडून 750 डॉलर. आणि लगेच मला मेसेज, भावा तुझ्याकडे कार्ड आहे ना, तूच बघ.

तेव्हा बऱ्याच जणांचं डेबिट कार्ड परदेशी साइटवर चालायचंच नाही, त्यामुळे सगळे माझ्या खात्यावर टाकायचे. गणपतीची वर्गणी काढतात तशी यादी केली. 23 नावं आली, 22 जणांचे पैसे आले, जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत 41 हजार. मेमधल्या पंचावन्न रुपयांच्या भावाने जवळपास 750 डॉलर होत होते. मी खूश. पण मालकाची अट अशी की टार्गेट पूर्ण झालं तरच पैसे घेणार, आणि टार्गेट काही पूर्ण होईना, मग मुदत वाढली, परत वाढली. शेवटी ऑगस्टच्या शेवटी झालं पूर्ण आणि माझं कार्ड स्वाइप झालं 28 ऑगस्टला.

2013 चा ऑगस्ट ज्यांना आठवतो त्यांना पुढचं सांगायला नको. त्या दिवशी डॉलर 68 च्या पुढे गेला होता. रघुराम राजन रिझर्व्ह बँकेत गव्हर्नर म्हणून यायला बरोबर एक आठवडा बाकी. वर परदेशी पेमेंटवर कार्डाचा साडेतीन टक्के मार्कअप, त्यावर सर्व्हिस टॅक्स. 41 हजारांचे झाले 577 डॉलर. मालकाच्या पब्लिक लिस्टमध्ये ठळक अक्षरात, भारत 577.

झालं. वाघ्याने अलायन्सच्या चॅटवर विचारलं, उरलेले पावणेदोनशे डॉलर कुठे गेले. मी समजावलं, बँकेचं स्टेटमेंट टाकलं, तर म्हणे स्टेटमेंट कुणीही एडिट करतं. जुन्या भावाने धरले तर साडेनऊ हजार होतात, तेव्हा माझ्या रूमच्या भाड्याच्या दुप्पट. चार पोरं त्याच्या बाजूने, दोन माझ्या, बाकीचे गप्प. ज्यांच्यासोबत तीन वर्षं पहाटे तीनला उठलो ती माणसं मला पैसेखाऊ म्हणायला लागली. पुढे एकाच्या लग्नात वाघ्या भेटला तर पंक्तीत सगळ्यांसमोर, हा बघा आमचा खजिनदार.

आणि गेमचं काय झालं? सात महिन्यांनी, मार्च 2014 मध्ये बंद. पैसे संपायच्या आधीच. पैसे भरणारे चारशेच्या वर होते आणि फंड पूर्ण झाला त्या रात्री मी मोजले तर ऑनलाइन होते 31. पैसे दिले त्यातले बहुतेक लोक कधीच खेळायचे थांबले होते, जुन्या दिवसांसाठी दिले आणि परत लॉगिन करायला आलेच नाहीत. वर्गणी सगळी आळी देते हो, मांडवाचे बांबू धरायला किती येतात ते सांगा. तुमच्या तीनशेपैकी रोज किती जण खेळतात ते आधी मोजा, दहा लाख नंतर.

नुसत्या पैशाने होत नाही याची मोठी उदाहरणं पण आहेत. पाथफाइंडर ऑनलाइन नावाच्या गेमने 2013 च्या जानेवारीत किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या साइटवर जवळपास 11 लाख डॉलर जमवले, तो नवा बनवायला होता हे मान्य, पण 2015 मध्ये बहुतेक स्टाफ काढावा लागला आणि 2021 मध्ये सर्व्हर बंद. उलट ग्लिच नावाचा गेम होता, त्यांनी 2012 मध्ये खात्यात पैसे शिल्लक असताना बंद केला, प्लेयर्सना रिफंड दिले, आणि त्याच टीमने पुढे स्लॅक हे ऑफिसच्या चॅटचं ॲप काढलं. तोच गेम ते जिवंत ठेवत बसले असते तर आज ऑफिसमध्ये आपल्याला त्या टिकटिक आवाजाचा त्रास नसता.

वाचलेले गेम कोणते? एक उरू. 2004 मध्ये ऑनलाइन भाग रद्द झाला, 2007 मध्ये परत आला, 2008 मध्ये परत बंद, आणि 2010 पासून बनवणाऱ्या सायान कंपनीनेच फुकट सुरू केला, खर्च देणगीवर, पुढच्या वर्षी क्लायंटचा, म्हणजे प्लेयरच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या भागाचा, कोडही खुला केला. दुसरा सिटी ऑफ हीरोज, सुपरहीरोंचा गेम. 2012 च्या नोव्हेंबरमध्ये मालक कंपनी एनसीसॉफ्टने बंद केला, लोकांनी पिटिशन केलं, निषेध म्हणून ऑफिसला मुखवटे आणि केप पाठवले, उपयोग शून्य. मग 2019 मध्ये सर्व्हरचा कोड लीक होऊन बाहेर आला, होमकमिंग नावाने प्लेयर्सनीच सर्व्हर उभे केले, आणि जानेवारी 2024 मध्ये एनसीसॉफ्टने त्यांना रीतसर लायसन्स दिलं. होमकमिंगवाले दर महिन्याचा खर्च जाहीर करतात, तेवढे जमले की देणगी घेणं बंद. दोन्हीकडे फरक एकच, भाडं फक्त सर्व्हरच्या मशीनचं, पगाराचा बोजा नाही. तुमचा मालक दहा लाख मागतोय म्हणजे त्यात बहुधा त्याचा पगार आहे, तीनशे लोकांच्या गेमला मशीनचं एवढं सहसा होत नाही. त्याला विचारा, पैसे देतो, बंद करताना सर्व्हरचा कोड देणार का? टाळाटाळ केली तर उत्तर मिळालं तुम्हाला.

आता नोकरी सोडून फक्त प्रेमापोटी चालवणारा मालक असेल आणि पाचशे-हजार लोक रोज खेळत असतील तर माझं वरचं सगळं चुकीचं ठरू शकतं. आणि हो, लायसन्सशिवाय लीक कोडवर सर्व्हर चालवणं कायद्यात बसत नाही, मी तसं करा म्हणत नाहीये. भारतातून किकस्टार्टरवर स्वतः कॅम्पेन टाकता येत नाही. आणि 2021 च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेच्या ऑटो-डेबिटच्या नियमामुळे परदेशी साइटला दरमहा कार्डाने देणगी द्यायची म्हटलं तर बऱ्याचदा पेमेंट फेल होतं, म्हणजे लोक परत तुमच्याकडेच येणार, तू भर रे, मी तुला जीपे करतो.

तरीही करायचंच असेल तर यादी डॉलरमध्ये कबूल करू नका, रुपयात करा. पैसे स्वतःकडे तीन महिने ठेवू नका. आणि कोणी किती दिले याची शीट पहिल्या दिवसापासून सगळ्यांना दिसू द्या. मी नव्हती दिली, कुणाची अब्रू जायला नको म्हणून. वाघ्या, तू हे वाचत असशील तर ती शीट अजून आहे माझ्याकडे. 14 नंबरला तुझं नाव आहे, दोन हजार कबूल, पुढचा रकाना रिकामा.