विहिरीतला कातळ आणि लाव्हाची चाल

प्रश्न : पन्हाळ्याच्या पायथ्याशी आमच्या विहिरीचे खोदकाम सुरू आहे. आधी तांबूस, छिद्रांनी भरलेल्या तुकड्यांचा थर लागला आणि त्याखाली सुरुंगालाही सहज दाद न देणारा काळा कातळ. हे दोन वेगळे खडक आहेत का? हवाईतल्या ‘पाहोएहो’ आणि ‘आ’ या लाव्हाप्रकारांपैकी आपल्याकडचा कोणता?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही थर बहुधा एकाच लाव्हाप्रवाहाचे आहेत. ‘पाहोएहो’ आणि ‘आ’ हे दोन्ही बेसॉल्टच, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक; सुमारे ११०० ते १२०० अंश सेल्सिअस तापमानाचा तोच शिलारस कसा वाहिला, यावर त्याचे रूप ठरते. शिलारस संथपणे आला, तर त्यावर लवचीक कवच धरते आणि आतला रस त्याखालून पुढे सरकत राहतो. हे कवच गुळगुळीत किंवा दोरखंडासारख्या वळ्यांचे असते; हाच ‘पाहोएहो’. आतून येणाऱ्या रसाच्या दाबाने काही सेंटीमीटर जाडीचा असा प्रवाह कित्येक मीटर फुगतो, आणि म्हणूनच आज दिसणारी जाडी ही मूळ प्रवाहाची उंची समजू नये. वायूचे बुडबुडे वर चढून वरच्या कवचात अडकतात, तर मधला गाभा सावकाश थिजून घट्ट होतो. आपल्या सुरुंगाला जुमानत नाही तो हाच गाभा असावा.

‘आ’ची गोष्ट निराळी. गुऱ्हाळात निवणारा पाक घोटला की रवाळ होतो, त्याचप्रमाणे थंड होत असलेला लाव्हा उतारावरून किंवा मागच्या लोंढ्याने जोरात ढकलला गेला, की त्यात स्फटिक वाढतात, तो घट्ट होतो आणि कवच ताणले न जाता फाटते. हे काटेरी तुकडे पुढच्या तोंडावरून खाली पडतात व प्रवाह त्यांच्यावरूनच पुढे जातो; त्यामुळे तुकड्यांचा थर वर आणि तळाशी, दोन्हीकडे राहतो. पाहोएहोचा ‘आ’ होताना दिसतो, उलट सहसा घडत नाही.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हाथरांपैकी वरच्या एका गटाला पन्हाळ्याचेच नाव आहे. वरच्या गटांत तिसरा प्रकार पुष्कळ आढळतो : माथ्यावरचे कवच मोडून तुकडे झालेले, पण तळ अखंड. आपला थर मला याच प्रकारचा वाटतो. खात्रीसाठी कातळ संपेल तिथे तळ पाहावा. तो सलग असेल आणि त्यात बोटाएवढ्या उभ्या नळ्यांसारख्या पोकळ्या असतील, तर तो पाहोएहोच्या कुळातला. तिथेही तुकड्यांचाच थर निघाला, तर ‘आ’.