रंगाचा सल्ला घेण्याआधी मॅचिंग सेंटर गाठा

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. मॉलमधल्या मेकअप काउंटरवर तुम्हाला 'वॉर्म ऑटम' ठरवून मोहरी आणि मेहंदी हे रंग सुचवले गेले, पण त्या रंगांच्या कुर्त्यांत चेहरा आजारी दिसतो, हा पहिला. आणि आता पैसे मोजून कलर अँड स्टाइल कन्सल्टंटकडे जावे का, गेल्यास आपण क्रॉसड्रेसर, म्हणजे स्त्रीवेष करणारे पुरुष, आहोत हे तिला सांगावे का, हा दुसरा. बेचाळिशी, सावळा वर्ण, पाच फूट नऊ इंच उंची आणि रुंद खांदे एवढी माहिती तुम्ही दिली आहे. तेवढ्यावर जे सांगता येते ते सांगतो.

त्वचा, केस आणि डोळे यांच्या रंगावरून माणसाला 'विंटर', 'ऑटम' अशा एखाद्या ऋतूत बसवून त्याला शोभणारे रंग सांगायचे, ही पद्धत १९८० च्या दशकात अमेरिकेत लोकप्रिय झाली आणि तिची मांडणी मुख्यतः गोऱ्या चेहऱ्यांवर बेतलेली होती, जिथे केस सोनेरी, तांबूस, पिंगट आणि डोळे निळे, हिरवे, घारे असे नाना प्रकार आढळतात. आपल्याकडे बहुतेकांचे केस काळे आणि डोळे गडद. त्यामुळे ती वाटणी जशीच्या तशी लावली की माणसे 'विंटर' किंवा 'ऑटम' या दोन कप्प्यांतच जाऊन पडतात. मनगटाच्या शिरा निळ्या आहेत की हिरव्या, हे पाहून वर्णाचा झुकाव ओळखण्याची युक्तीही सावळ्या त्वचेवर फारशी चालत नाही. तेव्हा ऋतूंची नावे बाजूला ठेवा आणि प्रत्येक कापडाबाबत एवढेच पाहा, की त्याचा रंग पिवळ्याकडे झुकतो की निळ्याकडे, तो फिकट आहे की गडद, आणि भडक आहे की दबलेला.

आपल्या बाबतीत यात आणखी एका गोष्टीची भर पडते, जी बायकांसाठी केलेल्या तक्त्यांत नसते: दाढीची सावली. कितीही गुळगुळीत दाढी केली तरी केसांची मुळे त्वचेखालून दिसतात आणि जबड्यावर व वरच्या ओठावर निळसर-राखी छटा राहते. हनुवटीखालचे कापड आपल्या रंगाचा उजेड वर फेकते, आणि तो नेमका याच भागावर पडतो. मोहरीचा पिवळा उजेड त्या निळसर छटेत मिसळला की जबडा हिरवट दिसू लागतो, कपाळ आणि गाल मात्र ठीक असतात. तुम्हाला चेहरा आजारी वाटतो तो बहुधा यामुळे. तुमचा वर्ण खरोखर वॉर्म, म्हणजे पिवळ्याकडे झुकणारा, असेलही, म्हणून मोहरी गळ्याशी आणलीच पाहिजे असे नाही. ती सलवारीत किंवा परकरात खुशाल वापरा. राखाडी, शेवाळी, फिकट आकाशी हे रंगही सावली उठावदार करतात. डाळिंबी, विटकरी, आमसुली, अबोली यांच्यातल्या तांबूसपणामुळे ती दबते. करेक्टर, म्हणजे सावली झाकण्यासाठी लावायचा रंगीत लेप, त्यामागेही हेच तत्त्व आहे: रंगचक्रात नारिंगी हा निळ्याच्या समोर बसतो, म्हणून फाउंडेशनच्या आधी तो लावायचा. गोऱ्या वर्णाला पीच छटा पुरते, सावळ्याला गडद नारिंगीच लागतो. तो पातळ लावून बोटाने थापावा, घासू नये, आणि त्यावर पावडर बसवून मगच फाउंडेशन घ्यावे.

कन्सल्टंट सहसा मेकअप पूर्ण उतरवून, केस पांढऱ्या कापडाने झाकून रंग तपासतात. त्वचेचा मूळ झुकाव कळण्यापुरते ते योग्यच आहे, पण आपण त्या चेहऱ्याने साडी नेसून बाहेर पडत नाही. माझे मत असे, की पहिली फेरी कोऱ्या चेहऱ्यावर झाली, की दुसरी फेरी दाढी करून, करेक्टर-फाउंडेशन लावून आणि नेहमीचा विग घालून झालीच पाहिजे, आणि निर्णय या दुसऱ्या फेरीवर घ्यावा. विग बदलला की चेहऱ्याभोवतीचा सगळा उठाव बदलतो. काळाकुळकुळीत सिंथेटिक विग चाळिशीपुढच्या चेहऱ्याला कठोर करतो आणि त्याच्याशेजारी मऊ रंग मरून जातात; तोच चेहरा गडद तपकिरी विगमध्ये निवळतो, आणि अंजिरी किंवा वांगी रंग अचानक शोभू लागतो. कपड्यांवर खर्च करण्याआधी विग ठरवा, असे मी सर्वांनाच सांगतो.

ही दुसरी फेरी घरी करता येते, आणि त्यासाठी मुंबईसारखे शहर नाही. दादर पश्चिमेला, लालबागला, ठाण्याला, घाटकोपरला, कुठल्याही मोठ्या स्टेशनाबाहेर मॅचिंग सेंटर असतेच, जिथे टू बाय टू रुबिया या ब्लाऊजच्या कापडाचे तागे पिस्त्यापासून चिंतामणीपर्यंत एकेका छटेच्या फरकाने भिंतभर रचलेले असतात. दुकानदार कापडाला कात्रीची खाच देतो आणि हाताने टर्रकन फाडून तुकडा पुढे करतो. साडीचा पदर पिशवीत घेऊन मॅचिंग शोधणारे नवरे तिथे नेहमीच दिसतात, त्यामुळे पुरुषाने दहा-बारा रंगांचे अर्धा अर्धा मीटर मागितले तरी कोणी मान वर करून पाहत नाही. कोणी विचारलेच तर गोधडीला हवेत म्हणा. रुबिया घेण्याचे कारण म्हणजे तिला चमक नसते. साटीन किंवा आर्ट सिल्कच्या चकाकीत रंगाचा खरा परिणाम कळत नाही. प्रत्येक रंगाच्या कुटुंबातले दोन घ्या, म्हणजे गुलाबीत राणी आणि अबोली, निळ्यात मोरपंखी आणि नेव्ही, पांढऱ्यात शुभ्र आणि मोतिया.

ट्यूबलाइट बंद करून, खिडकीकडे तोंड करून, थेट ऊन पडत नसेल अशा वेळी ते एकामागून एक हनुवटीखाली धरा. पावसाळी ढगाळ दुपार याला उत्तम. भिंतीला किंवा पडद्याला गडद रंग असेल तर त्याची झाक चेहऱ्यावर पडते, हे लक्षात ठेवा. फोनने फोटो काढणार असाल तर ब्यूटी मोड बंद करा, चौकटीत एक पांढरा कागद ठेवा आणि कागद ज्या फोटोत पिवळा किंवा निळा आला असेल तो फोटो बाद करा, कारण कॅमेरा प्रत्येक कापडागणिक रंग स्वतःच बदलून घेतो. फोटोवरून ऋतू सांगणाऱ्या ॲप्सवर माझा विश्वास नाही तो यामुळेच. शेवटी, जिथे जाणार तिथल्या दिव्यांतही निवडलेले रंग एकदा पाहा. हॉटेलच्या पिवळ्या उजेडात निळा आणि जांभळा काळवंडतात. बालगंधर्वांचे शालू आणि पैठण्या त्यांच्या काळातल्या बायकांच्या फॅशनचा आदर्श झाल्या खऱ्या, पण ते वैभव रंगमंचाच्या उजेडासाठी होते. भर दुपारी दादरच्या पुलावर तसे नटून गेले तर लोक वळून पाहणारच.

स्टाइलबाबत थोडक्यात. रुंद खांद्यांना बोट नेक आणि फुग्याची बाही टाळा. व्ही गळा, कोपरापर्यंतची बाही आणि कमरेखाली घेर असलेला कुर्ता किंवा अनारकली हे तुमच्या बांध्याला बरे. साडीत जॉर्जेट अंगाला चिकटून नितंबांचा सपाटपणा दाखवते, तर किंचित खळीची सुती साडी निऱ्यांपाशी भर देते. ती बेंबीच्या थोडी वर नेसा, म्हणजे कंबर दिसते. ब्लाऊज मात्र शिवूनच घ्या. तयार ब्लाऊज छातीला बसला तर मुंढ्यात काचतो. ब्रेस्ट फॉर्म (कृत्रिम स्तन) वापरत असाल तर मापे ते लावूनच घेतलेली असावीत, आणि शिंप्याला प्रिन्सेस कट व सैल मुंढा सांगावा. शिंप्याकडे जायचा संकोच असेल तर घरी मापे घेऊन, मापाच्या ब्लाऊजसह कापड पाठवता येते.

एवढे झाल्यावरही कन्सल्टंटकडे जावेसे वाटले तर जरूर जा. तुमचे कपाट पाहून काय कशाबरोबर घालावे, हे सांगण्यात तिचा खरा उपयोग आहे. आणि हो, आधीच सांगा. "मी पुरुष आहे, स्त्रीवेषासाठी सल्ला हवा आहे" एवढे एक वाक्य पुरे; पूर्ण नाव, नोकरी, घरची परिस्थिती सांगण्याची गरज नाही. समोरची व्यक्ती अडखळली किंवा हसली तर फोन ठेवा. सहज बोलली तर पुढचे विचारा: रंग दिवसाच्या उजेडात तपासता का, विग घालून दुसरी फेरी कराल का, कपडे बदलायला बंद खोली आहे का, त्या वेळी इतर ग्राहक असतात का. बरेच कन्सल्टंट आधीचे आणि नंतरचे फोटो इन्स्टाग्रामवर जाहिरातीसाठी टाकतात, म्हणून माझे फोटो कुठेही वापरले जाणार नाहीत, हे व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या, आणि ते उत्तर हाती येईपर्यंत आगाऊ पैसे पाठवू नका.